शेगडीचा झरोका

मित्रांनो, माझ्या पोटात आधी आग होती, मग बरीच वर्षं माती होती, आणि आता पुन्हा आग आहे. मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. भिलाईच्या स्मृतीनगरात एका घराच्या मागच्या अंगणात मी राहते. तुम्हांला माझी गोष्ट सांगायची आहे, पण ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो. कारण या गोष्टीत माझ्यामुळे दोन माणसांचा जीव जाता जाता राहिला. ते मी लपवणार नाही.

माझा जन्म भिलाईतल्या कॅम्प-1 या कामगारवस्तीत झाला. मारोतराव नावाचे एक फिटर भंडाऱ्याकडून भिलाईच्या कारखान्यात नोकरीला आले होते. नवं लग्न झालेलं, बिऱ्हाड एका खोलीचं. एका रविवारी त्यांनी बाजारातून तेलाचं रिकामं पिंप विकत आणलं आणि छिन्नी-हातोड्याने त्याचा खालचा भाग कापला. म्हणजे तेल संपलं तेव्हा मी जन्मले. हे मी तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी मला गजांची जाळी बसवली, राख काढायला खाली चौकोनी तोंड ठेवलं, उचलायला दोन कड्या लावल्या. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी धानाचा कोंडा मिसळलेल्या मातीने मला आतून लिंपलं.

पण मला घरात नेण्याआधी मारोतरावांनी आणखी एक काम केलं. छताच्या जरा खाली, भिंतीत त्यांनी वीतभर रुंद भोक पाडलं. त्याला ते झरोका म्हणत. शेजारच्या बायका हसल्या.

"काय भाऊजी, चोराले आवतन देऊन राहिले का?"

"चोर परवडला, वहिनी," मारोतराव म्हणाले. "दुसरा एक पाहुणा हाय. तो आवाजही नाही करत अन् वासही नाही देत."

यापेक्षा जास्त ते काही बोलले नाहीत. ते मुळातच कमी बोलत.

त्या काळी संध्याकाळी कॅम्पच्या गल्लीत दारोदारी शेगड्या मांडलेल्या असत. कच्चा कोळसा पेटला की पिवळा धूर निघतो. तो धूर बाहेरच जाऊ द्यायचा, कोळसा लाल झाला की मगच शेगडी आत घ्यायची, अशी सगळ्यांचीच रीत होती. रमाबाईंची रीत मात्र एका पावलाने जास्त होती. मला उचलून त्या उंबऱ्याशी थांबत आणि मोठ्याने विचारत, "झरोका उघडा हाय का?"

आत जो कोणी असेल त्याने वर पाहून सांगायचं, "उघडा हाय."

उत्तर आल्याशिवाय त्या पाऊल आत टाकत नसत. थंडीत इतर लोक भिंतीतल्या फटींना चिंध्या लावत. रमाबाईंचा झरोका पौषातही उघडाच असे. त्यांचा मुलगा दिवाकर लहान असताना रोज पुस्तकातून मान वर करून "उघडा हाय" म्हणायचा. कावून, म्हणजे का, विचारतात, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि त्याला कोणी सांगितलंही नाही. हे नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे याचंच काम पडणार आहे.

माझ्यावर कितीतरी वर्षं भात शिजला. मग घरात गॅसची टाकी आली. नुसती चावी फिरवली की निळी ज्योत हजर. रमाबाईंचे डोळे धुरापासून सुटले, याचा मला आनंदच झाला. मारोतराव गेले, काही वर्षांनी रमाबाई गेल्या. दिवाकरराव कारखान्यात लागले, निवृत्त झाले, त्यांनी स्मृतीनगरात घर बांधलं. आईची आठवण म्हणून ते मला घेऊन आले. त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी माझ्यात माती भरून कोरफड लावली. पाहुणे म्हणायचे, काय छान कुंडी आहे. मी शेगडी आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

दिवाकररावांचं कारखान्यातलं काम काय होतं, ते सांगायला हवं. ते गॅस-सुरक्षेच्या पथकात होते. मोठ्या भट्ट्यांमध्ये एक वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. तो छातीत गेला की रक्त प्राणवायू वाहायचं विसरतं, आणि माणूस झोप आल्यासारखा कोसळतो. दिवाकरराव छातीला छोटं यंत्र लावून फिरत. वायू वाढला की ते यंत्र पीप-पीप करत असे. तीस वर्षं त्यांनी कोणाला यंत्राशिवाय त्या भागात जाऊ दिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी ते यंत्र त्यांनी जमा केलं आणि सगळ्यांशी हात मिळवून घरी आले.

आणि मग ते वर्ष आलं.

त्या वर्षी दूरच्या देशांतल्या तेलाच्या विहिरींतून तेल कमी येऊ लागलं. दिवाकररावांची नात सई, वय वर्षे अकरा, हिने एकदा अंगणात बसून विचारलं, "आबा, तेल एकदम कैसे खतम हो गया?"

"एकदम नाही होत, बेटा. तू शहाळं पिते ना? पहिला घोट कसा येते?"

"आसानी से."

"अन् शेवटी?"

सईने नळीतून ओढल्यासारखा सुर्र आवाज काढला.

"तेच होऊन राहिलं. शहाळ्यात पाणी हाय अजून. पण ओढाले जोर लागते, अन् हातात थेंब येते."

आधी डिझेल कमी झालं, म्हणून मालमोटारी कमी झाल्या. मग नाशकाचा कांदा दिसेना, आंध्रातून येणारी भाजी दिसेना. सईचे आईवडील रायपूरला नोकरी करत. पेट्रोल मिळेना तेव्हा ते तिकडेच राहू लागले आणि सई आजी-आजोबांकडे राहिली. मग गॅसची टाकी दीड महिन्याने येऊ लागली. लोकांनी विजेच्या शेगड्या आणल्या. आमच्या गल्लीत सात घरं, सातही घरांत एकाच वेळी सकाळचा स्वयंपाक. जानेवारीच्या एका सोमवारी कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून जळाला.

गंमत बघा. छत्तीसगडला लोक धानाची वाटी म्हणतात. घराघरांत तांदळाची पोती होती. वाटी भरलेली होती, पण ती शिजवायला आग नव्हती. सगळ्यांनी एकाच खुंटीला सगळं टांगलं होतं. ती मोडली, दुसरी शोधली, तीही मोडली. तिसरी खुंटी कोणाच्याच घरात नव्हती.

मंगळवारी कमलाबाईंनी कोरफड उपटली.

"सईचे आबा, ही आत्याबाईंची शेगडी ना?"

"हो ना, आईची. जाळी शाबूत हाय काय पाहा."

जाळी शाबूत होती. सईने मला आतून नव्याने लिंपलं, अर्धी माती मला आणि अर्धी स्वतःच्या फ्रॉकला. प्रेमानंद नावाचा एक छत्तीसगडी माणूस भिलाई-3 कडून तीनचाकी ठेल्यावर कोळसा विकायला येत असे. त्याने दोन पोती उतरवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "ए तो मोर दाई के जमाना के हे." म्हणजे ही तर माझ्या आईच्या काळातली. मला फार बरं वाटलं.

दोन दिवस मी अंगणात सात घरांची खिचडी शिजवली. कमलाबाईंनी युक्ती काढली होती. भांडं उकळलं की ते माझ्यावरून उतरवायचं आणि धानाच्या तणसाने, म्हणजे पेंढ्याने, भरलेल्या खोक्यात ठेवून वर गोधडी टाकायची. उरलेली खिचडी आतल्या आत शिजत असे. तेवढ्या वेळात दुसरं भांडं माझ्यावर चढे. शेजारच्या वंदनाबाई, वय बहात्तर, एकट्या राहणाऱ्या, रोज डबा न्यायला येत. त्यांना मधुमेह होता. जेवणाआधी सुई टोचून घ्यावी लागे आणि त्यानंतर अर्ध्या तासात पोटात अन्न जाणं आवश्यक असे. त्या यायच्या आणि म्हणायच्या, "कमलाबाई, तुमच्या खिचडीत मीठ कमी असते, पण आग तुमच्याच घरी हाय, काय करता."

गुरुवारी सकाळपासून आभाळ भरलं होतं. दिवाकरराव विजेच्या कार्यालयात चौकशीला सायकलवर निघाले. फाटकातून त्यांनी मागे वळून सांगितलं, "पाऊस आला तर शेगडी आत घेजो. कोळसा लाल झाला की मग काही नाही होत."

मित्रांनो, हे ते म्हणाले. तीस वर्षं वायूची राखण केलेला माणूस हे म्हणाला. त्यांच्या मनात गॅस ही कारखान्यात असणारी गोष्ट होती आणि शेगडी ही आईची वस्तू होती. लहानपणी त्यांनी उत्तर पाठ केलं होतं, मोठेपणी कारण शिकले होते. पण ते उत्तर आणि ते कारण यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

साडेबाराला गारा पडू लागल्या. माझ्यावर खिचडी अर्धी शिजलेली होती. भिंतीपलीकडून वंदनाबाईंचा आवाज आला, "कमलाबाई, मी सुई घेतली बरं का."

"घ्या, अर्ध्या तासात डबा देते," कमलाबाई म्हणाल्या. आता आग विझवून चालणार नव्हतं. त्यांनी पदराने माझ्या दोन्ही कड्या धरल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या. मी वाट पाहिली. इतक्या वर्षांची सवय. उंबऱ्याशी कोणीतरी विचारेल आणि आतून उत्तर येईल.

कोणी विचारलं नाही. आत भिंतीत झरोका नव्हता. सरकणाऱ्या काचांची खिडकी होती, ती पावसासाठी बंद केलेली. मला ओट्याशेजारी ठेवलं आणि वारा येतो म्हणून दारही लोटून घेतलं.

"आजी, कितना अच्छा गरम लग रहा है," सई म्हणाली. ती फरशीवर बस्कर टाकून माझ्याजवळ अभ्यासाला बसली.

"बस बाप्पा. पण धूर लागला तर सांगजो."

धूर नव्हताच. तीच तर भीती होती. धूर डोळ्यांना चावतो, खोकला आणतो, माणसाला बाहेर हाकलतो. तो एका अर्थी आपला मित्र असतो. थोड्या वेळात माझ्या लाल कोळशांवर बारीक निळ्या ज्वाळा नाचू लागल्या. दिसायला फार सुंदर. मारोतराव एकदाच रमाबाईंना म्हणाले होते, "निळी जीभ दिसली की समजजो, पाहुणा आला." मला ते आठवत होतं. पण मला तोंड आहे ते राख काढायचं, त्यातून शब्द निघत नाही.

पहिली दहा मिनिटं काही झालं नाही. कमलाबाईंनी खिचडी ढवळली. मग त्यांनी कपाळ दाबलं.

"डोकं कावून दुखून राहिलं आज."

"मेरा भी, आजी."

"थंडीनं असन. घे, जवळ सरक."

सई माझ्या आणखी जवळ सरकली. मी विझायचा प्रयत्न केला. माझ्या हातात असतं तर मी माझी जाळी खाली पाडली असती. पण मारोतरावांनी ती पक्की बसवली होती. कमलाबाईंनी भांडं उतरवलं, तणसाच्या खोक्याकडे दोन पावलं टाकली आणि भांडं हातात घेऊनच खाली बसल्या. सांडलं नाही. त्या उठायला गेल्या तर पाय उचलेना. सईचं कपाळ वहीवर टेकलं होतं. पेन्सिल घरंगळत माझ्या पायाशी आली. खोलीत खिचडीचा चांगला वास होता आणि बाहेर गारांचा आवाज.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"कमलाबाई. अवो, माझी सुई कवाची टोचून झाली. हात कापून राहिले माझे."

आतून कोणी बोललं नाही. पुन्हा थाप. मग वंदनाबाईंचा आवाज जरा चिडका झाला, "मीठ कमी म्हटलं म्हणून दारच बंद केलं का काय?"

त्याच वेळी फाटक वाजलं. दिवाकरराव भिजून आले होते. वंदनाबाई त्यांना म्हणाल्या, "पाहा ना भाऊ, दार उघडून नाही राहिल्या. आत तर हायत, वास येऊन राहिला."

"शेगडी कुठी हाय?" दिवाकररावांनी विचारलं.

"आतच असन. अंगणात तर नाही."

  एका क्षणात त्या माणसाची दोन आयुष्यं एकमेकांवर आदळली असावीत. दिवाकरराव धावत आत शिरले नाहीत. आधी त्यांनी विटेने बाहेरून खिडकीची काच फोडली. मग छातीभर श्वास घेतला, तोंड मिटलं, दार ढकललं आणि आत आले. सईला उचलून बाहेर नेलं. बाहेर श्वास घेतला, पुन्हा मिटला, पुन्हा आत आले. कमलाबाईंना काखेत धरून ओढत नेलं. तिसऱ्या वेळी आले ते माझ्यासाठी. उघड्या हातांनी त्यांनी माझ्या तापलेल्या कड्या धरल्या आणि मला गारांमध्ये फेकलं. माझ्या एका कडीला तडा आहे तो तेव्हाचा. त्यांच्या तळव्यांवरचे डाग तेव्हाचेच.

अंगणात पडल्या पडल्या मी पाहत होते. ओसरीवर सई निपचित होती. दिवाकरराव तिच्या गालावर थापट्या मारत होते.

"सई. आबा हाय. नऊचा पाढा म्हण."

काही नाही.

"सई, नऊ एके."

"नौ," सई पुटपुटली.

"पुढे म्हण. थांबू नको."

"नौ दूनी अठारह. नौ तिया सत्ताईस. नौ चौके..." ती थांबली. दिवाकररावांचा चेहरा मी पाहिला. कारखान्यात असा पाढा त्यांनी किती जणांकडून म्हणवून घेतला असेल, पण त्यांतलं कोणी त्यांची नात नव्हतं.

"नौ चौके, बेटा."

"छत्तीस," ती म्हणाली आणि तिला उलटी झाली. दिवाकररावांनी डोळे मिटून घेतले. कमलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे, पण नजर ठरत नव्हती.

रुग्णवाहिकेला फोन लागला. उत्तर आलं की डिझेल आहे, पण गाड्या दोनच, पाऊण तास लागेल. तेवढा वेळ नव्हता. ठेला घेऊन गारांपासून शेजारच्या शेडखाली थांबलेला प्रेमानंद धावत आला.

"चिंता झन करव भैया, बइठव. मैं चलाहूं." म्हणजे काळजी करू नका, बसा, मी चालवतो.

कोळशाची पोती खाली आली, सई आणि कमलाबाई वर. प्रेमानंद पायडल मारत होता, दिवाकरराव मागून ठेला ढकलत होते. वंदनाबाई तोंडात गुळाचा खडा ठेवून छत्री धरत कोपऱ्यापर्यंत गेल्या. मग त्या परत आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि घरी गेल्या. मी विझत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला विझण्याची घाई होती.

शुक्रवारी दुपारी सगळे त्याच ठेल्यावरून परत आले. प्राणवायू लावून दोघींना रात्रभर ठेवलं होतं. सईने मग अंगणात बसून वंदनाबाईंना सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, बंद खोलीत शेगडी कोणी न्यायला सांगितली. कमलाबाई "मीच नेली" म्हणत होत्या. दिवाकरराव म्हणाले, "तिचा दोष नाही. मी सांगतलं होतं. मी तीस वर्षं याच कामाचा पगार घेतला."

त्या संध्याकाळी दिवाकरराव पट्ट्या बांधलेल्या हातांनी माझ्यासमोर बसले.

"हिले कबाड्याले देऊन टाकतो."

"द्या," कमलाबाई म्हणाल्या. "मग उद्या सात घरं काय कच्चे तांदूळ खातीन?"

"तुले जीव नको झाला का?"

"हवा हाय, म्हणून तर म्हणते. शेगडी आत्याबाईंची आणली, पण त्यांचं बोलणं कॅम्पातच ठेवून आले तुम्ही. काय म्हणत होत्या त्या उंबऱ्याशी? मी सून म्हणून आली, तवा घरात टाकी होती. मले कोणी नाही सांगतलं."

दिवाकररावांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. मग अगदी लहान मुलाच्या आवाजात म्हणाले, "झरोका उघडा हाय का?"

"मतलब?" सईने विचारलं.

त्यांनी तिला सगळं समजावलं. आग पुरेशी हवा न मिळता जळली की तो वायू कसा तयार होतो, लाल कोळसा निरुपद्रवी का नसतो, निळी जीभ म्हणजे काय. त्या संध्याकाळी त्या दोन गोष्टींची गाठ पडली, साठ वर्षं उशिरा.

मित्रांनो, मी कबाडात गेले नाही. पण मी त्या घराचा उंबराही पुन्हा ओलांडला नाही. अंगणात माझ्यासाठी पत्र्याचं छप्पर उभारलं, तीन बाजूंनी उघडं. चौथ्या बाजूच्या भिंतीत दिवाकररावांनी हात बरे झाल्यावर स्वतः छिन्नीने वीतभर झरोका पाडला. नंतर नवा ट्रान्सफॉर्मर बसला. गॅसही अधूनमधून येऊ लागला. तरी गल्लीने आता सगळं एका खुंटीला टांगलं नाही. वीज असते तेव्हा सातही घरं वेळा वाटून घेतात. तणसाची खोकी चार घरांत आहेत. गच्च्यांवर लाल भाजी आणि वांगी आहेत. आठवड्यातून दोनदा मी पेटते, मोजक्या कोळशावर. कारण कोळसाही शहाळ्यातल्या पाण्यासारखाच आहे, हे मला कळतं. मी काही कायमचं उत्तर नाही. मी अडचणीच्या दिवसांची एक खुंटी आहे.

तुम्हांला एवढंच सांगते. घरातल्या जुन्या वस्तू जपा, पण नुसत्या वस्तू जपू नका. त्या वापरणाऱ्या हातांना विचारा की हे असं का करायचं. ते हात असतात तोवरच विचारा. वस्तू माळ्यावर टिकते, तिचं शहाणपण टिकत नाही. आणि ज्याला ते माहीत आहे, त्यानेही कोणी विचारायची वाट पाहू नये. माझ्या मारोतरावांनी ती वाट पाहिली.

आता मला पेटवायचं असलं की सई काडी हातात धरून मोठ्याने विचारते, "झरोका उघडा हाय का?"

पहिल्या दिवशी ती हसली होती. "आबा, तीन तरफ से तो खुला है. पूछना क्या?"

"तरी इचार," दिवाकरराव म्हणाले होते.

भिंतीपलीकडून वंदनाबाई उत्तर देतात, "उघडा हाय."

रमाबाईंच्या वेळी गोष्ट इथे संपत असे. आता एक शब्द वाढला आहे. दिवाकरराव खुर्चीतून विचारतात, "कावून?"

आणि सईने कारण पूर्ण सांगेपर्यंत काडी ओढायची नाही, असा आमच्या अंगणाचा नियम आहे.